आभाळ कापायचं: लोटे रायनिगर आणि बेथलेहेमचा तारा, एक प्रकरण अभ्यास

मागच्या डिसेंबरात माझा भाचा काळा कार्डपेपर आणि कात्री घेऊन बसला होता. आमच्या वसईत नाताळाच्या आधी गल्लीगल्लीत गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, उभे राहतात. गवत, बांबू, माती, रंगीत बल्ब, कुठे पाण्याचा झरासुद्धा. त्याला मात्र गोठ्याऐवजी 'पिक्चर' करायचा होता. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर मोबाईल, मध्ये कापलेल्या सावल्या. तीन उंट त्याने बरे कापले. मग पांढऱ्या कागदावर पाच टोकांचा तारा काढून तोही कापला आणि काचेवर ठेवला. खालून दिवा लावल्यावर तो तारा काळा दिसला. पांढराशुभ्र कागद, तरी काळा.

"मावशी, तारा विझला."

"विझणारच. खालून उजेड येतोय. कागद ठेवला की सावली पडते, मग तो कोणत्याही रंगाचा असो."

"मग तारा कापायचा कसा?"

"तारा कापायचा नाही रे. आभाळ कापायचं."

काळ्या कागदाच्या आभाळाला ताऱ्याएवढं भोक पाडलं आणि तारा पेटला. तेव्हापासून लोटे रायनिगर या जर्मन कलावतीबद्दल जे वाचत आणि पाहत आले होते ते डोक्यात नव्याने जुळायला लागलं. हा लेख तिच्या एका निवडीबद्दल आहे. बायबलमधल्या गोष्टींवर सुरुवातीच्या काळात जे ॲनिमेशनचे लघुपट झाले, त्यांत येशूजन्माची गोष्ट फार थोड्यांनी हाताळली. रायनिगरने ती दोनदा केली: १९२१ साली बर्लिनमध्ये आणि १९५६ साली लंडनमध्ये. नाव दोन्ही वेळा तेच, 'बेथलेहेमचा तारा'. मध्ये पस्तीस वर्षं, एक महायुद्ध आणि एक देश सोडावा लागणं. एवढ्या उलथापालथीनंतर तीच बाई त्याच गोष्टीकडे तेच साधन घेऊन परत का गेली असेल, हे मला समजून घ्यायचं आहे.

आधी गोष्टीकडे पाहू, कारण अडचण तिथेच सुरू होते.

गोठ्यात आपण जे सगळं एकत्र मांडतो ते बायबलमध्ये एकत्र नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे तारे पाहणारे ज्ञानी, आहेत, तारा आहे, हेरोद राजा आहे, बालकांची कत्तल आहे आणि मिसर देशाकडे पळून जाणं आहे. मेंढपाळ नाहीत, गव्हाणीही नाही. ती लूकच्या शुभवर्तमानात आहेत. तिथे नावनिशीसाठीचा, म्हणजे शिरगणतीसाठीचा, प्रवास आहे, उतारशाळेत जागा न मिळणं आहे, बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवणं आहे, रात्री कळप राखणारे मेंढपाळ आणि देवदूत आहेत. पण तारा नाही. मागी तीनच होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून परंपरेने माणसंही तीन केली आणि पुढे त्यांना राजे केलं. आपल्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात ही कथा ओव्यांमध्ये आली. ओवीला एक सोय असते, ती ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उमटवून मोकळी होते. पडद्यावर मात्र कुणीतरी नाक, डोळे, हनुवटी ठरवावी लागते.

ॲनिमेशनमध्ये तर ते ठरवणं आणखी अवघड. नटाला उभं केलं तर निदान त्याचा स्वतःचा चेहरा असतो. चित्रकाराला तो शून्यातून काढावा लागतो, आणि त्या काळातल्या व्यंगपटांची रेषा विनोदासाठी घडलेली होती. वाटोळी डोकी, रबरासारखे हातपाय, ताणले जाणारे आणि आपटले जाणारे देह. अशा रेषेने मरिया काढायची म्हटलं की हात थांबणारच.

म्हणून त्या काळचे ॲनिमेटर नोहाकडे वळले, म्हणजे महापुरात तारू बांधून प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या माणसाच्या गोष्टीकडे. ब्रिटनमध्ये आर्थर मेलबर्न-कूपरने १९०९ साली नोहाच्या तारवावर हलत्या खेळण्यांचा पट केला. न्यूयॉर्कमध्ये टोनी सार्ग या बाहुलीकाराने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सावल्यांचे छोटे विनोदी पट केले, त्यांतही नोहा आहे. फ्लायशर बंधूंच्या बोलक्या व्यंगपटांच्या 'टॉकार्टून' मालिकेतला पहिला पट, १९२९चा, नोहाच्या तारवाचीच थट्टामस्करी होता. डिस्नेने एप्रिल १९३३ मध्ये 'फादर नोआज आर्क' आणला. दिग्दर्शन विल्फ्रेड जॅक्सनचं, संगीत ली हार्लाइनचं, आणि त्यात बेथोवनच्या एका नृत्यधुनेचा वापर. टेक्निकलरच्या तीन रंगांच्या पद्धतीला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. तो पट सुंदर आहे, मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. प्राणी लाकूडकाम करतात, नोहाचे मुलगे शेम, हाम आणि याफेथ गात गात कामाला लागतात, सगळं तालात चालतं.

पण उत्पत्तीच्या पुस्तकात तारू का बांधावं लागतं? पृथ्वी दुष्टाईने भरली म्हणून. आणि पाणी चढल्यावर बाहेर उरलेल्यांचं काय होतं? आठ मिनिटांच्या आनंदी पटाला हे प्रश्न पेलत नाहीत आणि तो ते विचारतही नाही. तो बांधकाम घेतो, पाऊस घेतो, जोडीजोडीने चढणारे प्राणी घेतो. नोहाच्या गोष्टीत प्राणी आहेत आणि प्राणी हलवण्यात ॲनिमेटरांचा हात बसलेला होता, म्हणून ती निवडली गेली, असं मला वाटतं. डिस्नेने १९५९ मध्ये नोहा पुन्हा केला, त्या वेळी रोजच्या वापरातल्या वस्तू जुळवून बनवलेल्या बाहुल्यांचा. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. नोहाने ॲनिमेशनला कधी दगा दिला नाही.

येशूची गोष्ट निराळी होती. ब्रिटनमध्ये चित्रपट प्रमाणपत्र मंडळ १९१२ मध्ये स्थापन झालं आणि १९१३ पासून कामाला लागलं, तेव्हा त्याचे लेखी नियम दोनच होते. एक, नग्नता दाखवायची नाही. दुसरा, ख्रिस्ताची मूर्त आकृती पडद्यावर आणायची नाही. अमेरिकेत १९३० साली चित्रपट उद्योगाने स्वतःसाठी जी आचारसंहिता मान्य केली, तिच्यात कोणत्याही धर्माची खिल्ली उडवायला मनाई होती आणि धर्मगुरूंना विनोदी पात्र करायलाही. ज्या कलेची सगळी कमाई विनोदावर होती, तिने या वातावरणात गव्हाणीच्या जवळ जायचं टाळलं यात नवल नाही.

इथे दादासाहेब फाळक्यांची आठवण येणं अपरिहार्य आहे. मुंबईत १९१०-११च्या सुमारास त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशू दिसत असताना त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मराठी माणसाच्या हातून भारतीय चित्रपट जन्माला आला त्याचं एक मूळ बायबलच्या गोष्टीत आहे. त्याच फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एक एक फ्रेम हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. म्हणजे देवाचं रूप पडद्यावर आणणं आणि निर्जीव वस्तूत जीव ओतणं ही दोन्ही वेडं एकाच माणसात होती. देवांसाठी त्यांनी नट घेतले, काड्यांसाठी ॲनिमेशन. ती दोन टोकं त्यांनी एकत्र बांधली नाहीत. रायनिगरने बांधली.

लोटे रायनिगरचा जन्म बर्लिनचा, २ जून १८९९. लहानपणीच ती कागद कापून सावल्यांची नाटकं करायची आणि घरच्यांना दाखवायची. नट आणि दिग्दर्शक पाउल वेगेनरच्या कामाने ती भारावली. त्याच्या १९१८च्या पटात, बासरीवाल्यामागे जाणाऱ्या उंदरांच्या गोष्टीत, शीर्षकपाट्यांसाठी तिने छायाकृती कापल्या. त्याच पटात खरे उंदीर ऐकेनात म्हणून लाकडी उंदीर फ्रेम फ्रेम करून हलवावे लागले, आणि त्या कामातही ती होती. वेगेनरने तिला बर्लिनमधल्या एका सांस्कृतिक संशोधन संस्थेत नेलं. हान्स क्यूर्लिस तिथले प्रमुख. तिथेच तिने १९१९ मध्ये पहिला स्वतंत्र लघुपट केला आणि तिथेच तिला कार्ल कोख भेटला, पुढे तो तिचा नवरा आणि कॅमेरामन झाला. १९२१चा 'बेथलेहेमचा तारा' या शिकाऊ वर्षांतला आहे. बावीस वर्षांची मुलगी, युद्ध हरलेलं शहर, महागाई. पुढे लुई हागेन नावाच्या बँकमालकाने, पैशाची किंमत रोज घसरते म्हणून, कच्ची फिल्म विकत घेऊन ठेवली होती, ती तिच्या हवाली केली आणि पॉट्सडॅमला आपल्या घराच्या गॅरेजवर तिला जागा दिली. तिथे १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं खपून तिने राजपुत्र आख्मेदचा पूर्ण लांबीचा पट केला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना. डिस्नेची हिमगौरी त्यानंतर अकरा वर्षांनी आली.

आता तिच्या टेबलाकडे येते. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण सगळं उत्तर त्या टेबलात आहे.

आडवी काच. काचेखाली दिवे. काचेवर पातळ, अर्धपारदर्शक कागदाचे थर, ते झालं दृश्याचं पार्श्वचित्र. थर एक असेल तर उजळ, दोन असतील तर मळभ, चार असतील तर दाट रान. क्षितिजाजवळ थर कमी ठेवले की दूरचा उजेड दिसतो. या थरांवर काळ्या आकृत्या, जाड कागदाच्या आणि पातळ शिशाच्या पत्र्याच्या. शिसं अशासाठी की आकृती सपाट पडून राहावी, वाऱ्याच्या झुळकीने किंवा श्वासाने हलू नये. डोकं, मान, धड, दंड, हात, मांडी, पाय वेगवेगळे कापायचे आणि बारीक तारेच्या बिजागरीने जोडायचे. वर छतापाशी कॅमेरा, भिंग खाली वळवलेलं. आकृती केसभर सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, परत सरकवायची. जवळचं दृश्य हवं असेल तर तोच माणूस मोठ्या आकारात पुन्हा कापायचा. १९५६चा पट अठरा मिनिटांचा आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर २५,९२० फ्रेम होतात.

तिची कात्रीही वेगळी चालायची. उजव्या हातातली कात्री जवळजवळ स्थिर, डाव्या हातातला कागद फिरता. आमच्याकडे जुन्या शिंप्यांना कापडाचा गोल गळा कापताना पाहिलं असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. हात फिरवला की कड तुटते, कापड फिरवलं की कड वाहते.

या पद्धतीत चेहरा नसतो. कडेवरून कळतं ते नाक, कपाळ, मानेचा बाक, हाताची ठेवण. डोळा फार तर एक चीर. आणि इथेच ती अवघड गाठ सुटते. मरियेचा चेहरा काढायचा प्रश्नच उरत नाही, कारण पाहणाऱ्याला फक्त तिचा कल दिसतो, वाकणं दिसतं. उरलेला चेहरा प्रत्येक जण स्वतःच्या मनातून भरतो, कुणी आपल्या चर्चमधल्या तसबिरीतून, कुणी आपल्या आईच्या आठवणीतून. जो नियम ब्रिटनमध्ये १९१३ साली कागदावर लिहिला गेला होता, की मूर्त रूप नको, तो सावलीच्या कलेत आपोआप पाळला जातो. आकृती आहे, रूप नाही. १९५६ पर्यंत ती बंदी पूर्वीसारखी कडक राहिली नव्हती, तरी त्या बंदीमागची भीड लोकांच्या मनात होतीच. रायनिगरच्या कागदाला त्या भिडेशी भांडावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ती मला माझ्या भाच्यामुळे कळली. खालून प्रकाश येणाऱ्या या टेबलावर जिथे कागद नाही तीच जागा सर्वांत तेजस्वी. माणूस, राजा, उंट, राजवाडा, गोठ्याचं छप्पर, हे सगळं म्हणजे अडवलेला उजेड. ज्या गोष्टीत एक तारा वाट दाखवतो, जिच्यात अंधारातल्या मेंढपाळांभोवती एकाएकी तेज फाकतं, ती गोष्ट या टेबलासाठीच लिहिली असावी असं वाटायला लागतं. रंगवलेल्या व्यंगपटात ताऱ्याला पिवळा रंग द्यावा लागतो, भोवती किरण काढावे लागतात, चकाकी दाखवायला युक्त्या कराव्या लागतात. तिथे तारा हे इतर वस्तूंसारखंच एक चित्र आहे. इथे तारा म्हणजे खुद्द दिवा, मध्ये काही न येता दिसणारा. मागी लोक कागदाचे आणि त्यांना वाट दाखवणारा उजेड खरा. यापेक्षा नेमकं रूपांतर मला सुचत नाही.

आमचा प्रयोग पुढे चालू राहिला, त्याचं थोडं सांगते, कारण हात घातल्यावर जे कळतं ते नुसतं पाहून कळत नाही. मत्तय म्हणतो की तारा त्यांच्यापुढे चालला आणि बालक होतं त्या जागेवर येऊन थांबला. वाचायला सोपं आहे. पण तारा म्हणजे आभाळातलं भोक, मग तो चालवायचा तर सगळं आभाळ सरकवावं लागतं. आभाळाचा कागद फ्रेमपेक्षा दुप्पट रुंद हवा, नाहीतर सरकवताना कड उघडी पडून एका बाजूने उजेडाचा लोट येतो. आमचा पहिला दिवस त्यातच गेला. मग उंट. उंटाला आम्ही चार पाय दिले, प्रत्येकाला दोन बिजागऱ्या. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र उचलतो, हे आम्ही विसरलो आणि तो घोड्यासारखा चालला. शिवाय उंट उजवीकडे आणि आभाळही उजवीकडे, दोघांचा वेग सारखा झाला तर उंट जागच्या जागी पाय हलवतोय असं दिसतं. तारा किंचित पुढे राहिला पाहिजे, नेहमी थोडासा पुढे, तरच पाठलाग दिसतो. सेकंदाला बाराच फ्रेम घेऊन दोन रात्रींत आमचे नऊ सेकंद झाले. त्यातले चार बरे होते.

त्या चार सेकंदांत भाचा एकदम गप्प झाला. उंटावरच्या माणसाने मान वर केली होती, बस्स, एवढंच. मानेच्या बिजागरीत तीन फ्रेमचा फरक. पण त्या माणसाला काहीतरी दिसलंय हे कळत होतं. रायनिगरच्या पटांत जो जीव आहे तो अशाच ठिकाणी असतो. तिच्या माणसांचे हात पाहा, थबकणं पाहा. अभिनय मनगटात असतो.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला. पांढरा पडदा, मागे दिवा, बाहुल्या आणि रामायणातली आख्यानं. ती कला टिकवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री मिळाला. रायनिगरने १९७० साली सावल्यांच्या रंगभूमीवर आणि चित्रपटावर पुस्तक लिहिलं, आणि आशियातल्या सावल्यांच्या खेळांशी असलेलं आपलं नातं ती मानत असे. पिंगुळीचा खेळ आणि तिचं टेबल यांत एक मोठा फरक आहे. पिंगुळीत बाहुली, सूत्रधार आणि प्रेक्षक एकाच रात्रीत एकत्र असतात, चूक झाली तर गाणं सांभाळून घेतं. तिच्या टेबलावर एक सेकंद तासभर चालतो आणि प्रेक्षक कितीतरी महिने दूर असतो. पण देवाला सावलीतून आणायचं, दिव्याला मान द्यायचा, हे दोन्हीकडे सारखंच आहे. म्हणूनच पिंगुळीचा खेळ पाहिलेल्याला रायनिगरचा पट परका वाटत नाही.

आता १९५६ची परिस्थिती. नाझी सत्तेवर आल्यावर रायनिगर आणि कोख जर्मनीतून बाहेर पडले. कुठेही कायमची परवानगी मिळेना, म्हणून वर्षानुवर्षं देशांमागून देश झाले, लंडन, पॅरिस, रोम. फ्रान्समध्ये ज्याँ रेन्वारच्या १९३८च्या पटात तिने सावल्यांच्या नाटकाचा एक प्रसंग केला. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात आजारी आईसाठी तिला बर्लिनला परतावं लागलं. आख्मेदची मूळ निगेटिव्ह बर्लिनच्या लढाईत नष्ट झाली. १९४९ मध्ये नवराबायको लंडनला आले आणि पुढे न्यू बार्नेटमधल्या ॲबी आर्ट्स सेंटरमध्ये राहू लागले. तिथे तिला पुन्हा काम करायला मिळालं ते त्याच हागेन कुटुंबामुळे. बँकमालकाचा मुलगा, त्याचंही नाव लुई. ज्यू घरातला हा मुलगा कोवळ्या वयात नाझींच्या छळछावणीत राहून आला होता, तिथून सुटून इंग्लंडला गेला आणि युद्धात ब्रिटिश सैन्याकडून लढला. त्याच्या प्रिमरोज प्रॉडक्शन्ससाठी रायनिगरने १९५३ पासून दोन-तीन वर्षांत डझनभर परीकथा केल्या, मुख्यतः अमेरिकन टीव्हीसाठी. दहा-दहा मिनिटांचे पट, सिंड्रेला, बेडूक राजपुत्र, हान्सेल आणि ग्रेटेल. त्यातल्या धीट शिंप्याच्या गोष्टीला १९५५ मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळालं. लहानपणी ज्या मुलाच्या घरच्या गॅरेजवर आख्मेद तयार झाला, त्यानेच स्वतः तिशीत पोचल्यावर तिला उभं केलं.

या पाठोपाठ तिने येशूजन्म घेतला, त्या वेळी रंगांत. बाजाराचं गणित यात होतंच. परीकथा कधीही चालते, पण नाताळचा पट दर डिसेंबरात पुन्हा लावता येतो आणि टीव्हीला तेच हवं असतं. हे गणित मी कमी लेखत नाही, पोटासाठी केलेल्या कामातही माणूस पूर्ण उतरू शकतो. पण मला मत्तयचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावासा वाटतो. सत्तेला घाबरलेला राजा, मुलं मारण्याचा हुकूम, रात्रीत उठून बाळाला घेऊन परक्या देशाची वाट धरणारे आईबाप. हा पट घडत होता त्या खोलीतल्या माणसांना हे सगळं पुस्तकातून कळलेलं नव्हतं. बावीस वर्षांच्या लोटेने पहिल्यांदा ही कथा कापली तेव्हा ती नाताळची गोष्ट असेल. छप्पन्नाव्या-सत्तावन्नाव्या वर्षी कापली तेव्हा तिच्यात हेरोद वेगळा दिसला असणार, असं मी मानते. हे माझं वाचन आहे, तिने असं कुठे म्हटलं आहे असा माझा दावा नाही.

या पटाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर प्रकरणाचा अभ्यास कसला. पहिली मर्यादा बाळाची. सावलीच्या कलेला बाह्यरेषा लागते आणि बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळाला बाह्यरेषा म्हणाल तर एक गाठोडं. ज्याच्यासाठी सगळी गोष्ट आहे तोच या माध्यमात सर्वांत कमी दिसतो. मग तो इतरांच्या झुकण्यातून दाखवावा लागतो. आई झुकते, मेंढपाळ झुकतात, राजे झुकतात, आणि सगळ्यांच्या कडा जिकडे वळतात तिथे तो आहे असं आपण समजतो. हा उपाय चांगला आहे, पण तो उपायच आहे. दुसरी मर्यादा बाजूने पाहण्याची. समोरासमोर बघणारी सावली म्हणजे नुसता गोळा, म्हणून सगळी पात्रं बाजूने उभी राहतात, आणि गर्दीच्या प्रसंगात रांग लागल्यासारखं होतं. तिसरी माझी स्वतःची तक्रार आहे, रंगांची. टीव्ही आणि त्या काळाची आवड लक्षात घेता रंग येणं साहजिक होतं. पण निळ्या, जांभळ्या, केशरी पार्श्वभूमीवर ताऱ्याला आधीच उजळलेल्या आभाळाशी स्पर्धा करावी लागते. करड्या छटांच्या आभाळात एकच छिद्र किती बोललं असतं, हे आमच्या काचेवर मी पाहिलं आहे. समूहस्वरातली नाताळची गाणी मात्र सुरेख बसली आहेत. सावल्या स्वतः बोलत नाहीत, म्हणून गाणं त्यांच्या अंगावर ओझं होऊन पडत नाही.

कोख १९६३ मध्ये गेला आणि रायनिगर बराच काळ चित्रपटापासून लांब राहिली. परत आली ती सत्तरी ओलांडल्यावर. १९७४ मध्ये तिने पुन्हा बायबल उघडलं आणि लूकमधला उधळ्या पुत्राचा दाखला केला. शेवटचा काळ तिने जर्मनीत ट्युबिंगनजवळच्या डेटनहाउझेन गावी काढला. तिथले एक पाद्री आणि त्यांची पत्नी यांनी तिला आपलं मानलं. १९ जून १९८१ रोजी ती तिथेच वारली.

या डिसेंबरात भाच्याला उधळ्या पुत्राचाच प्रसंग करायचा आहे. बाप लांबून मुलाला बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. आम्ही दोन आकृत्या कापून काचेवर जवळ आणून पाहिल्या. एकमेकांना भिडल्या की दोघांमधला उजेड नाहीसा होतो आणि एकच काळी आकृती उरते. कोणता हात बापाचा, कोणता मुलाचा, सांगता येत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, हे चुकलं, आता कोण कुठला कळत नाही." मी म्हटलं, तसंच राहू दे. आता बापाच्या धावण्याच्या फ्रेम मोजायच्या आहेत. म्हातारा माणूस आहे, पाय नीट उचलत नाही, आणि अंगरखा गुडघ्यात अडकतो.